सांधा कोण खातो?

रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा जंतूंचा इतिहास म्हणून सांगितला जातो. देवी, पटकी, प्लेग, क्षय या प्रत्येकाच्या मागे बाहेरून चाल करून येणारा एक शत्रू होता, आणि तो हुडकला की अर्धी लढाई जिंकली, असा त्या कथेचा सूर असतो. आज आम्ही ज्या रोगाविषयी बोलणार आहोत त्यात असा परका शत्रू हाती लागत नाही. येथे घर पाडले जाते ते घरातल्याच हत्यारांनी. ती हत्यारे कोणती, ती कोणाच्या हाती असतात आणि ती चालवण्याचा हुकूम कोठून सुटतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यात विसाव्या शतकाचा बराचसा काळ खर्ची पडला. त्या शोधाचा हा वृत्तांत आहे.

कामगार चळवळीतल्या माणसांनी हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. ज्याचे पोट हातावर आहे, त्याचा हात हीच त्याची शेतजमीन आणि हेच त्याचे भांडवल. बोटे मिटेनाशी झाली की कोष्ट्याचा माग थांबतो, विडी वळणारीची सुपली रिकामी राहते आणि घरातल्या बाईला कणीकही मळवत नाही. म्हणून ही माहिती आम्ही गरजेपोटी, मिळेल तेथून वाचून गोळा केली.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. गुडघे वयपरत्वे झिजतात, त्यालाही लोक संधिवातच म्हणतात. तो रोग वेगळा. आम्ही बोलत आहोत तो रुमॅटॉइड संधिवात. आपल्याकडील डॉक्टर त्यालाच मराठीत आमवात म्हणतात. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यातील वर्णन या रोगाशी पुष्कळसे जुळते. हा रोग बहुधा ऐन कर्त्या वयात गाठतो. दोन्ही हातांची बोटे, मनगटे, पायांचे चवडे सुजतात. सकाळी उठल्यावर तास-तासभर सांधे आखडलेले राहतात. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत तो सुमारे तिप्पट आढळतो. पुण्याजवळच्या भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांत दर दोनशे माणसांमागे साधारण एकाला हा रोग असल्याचे दिसून आले. हे प्रमाण लहान वाटते, पण दोनशे माणसे म्हणजे एखाद्या मध्यम कारखान्याची एक पाळी होय.

युरोपात या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन १८०० साली पॅरिसमध्ये झाले. ओग्युस्तँ लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधात नऊ स्त्रियांची हकीकत दिली. त्या सालपेत्रिएर या रुग्णालयातल्या होत्या, आणि तेथे पॅरिसमधल्या निराधार बायकांची भरती असे. त्या काळी सांधे सुजले की ‘गाउट’ म्हणण्याची रीत होती, आणि गाउट हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या पुरुषांचा रोग समजला जाई. हा रोग मात्र गरिबांच्या, त्यातही बायकांच्या वाट्याला आलेला त्या डॉक्टराला दिसला. पुढे लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी १८५९ साली या रोगाला आजचे नाव दिले. गाउटच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले सापडते, या रोगात ते तसे सापडत नाही, हा भेद त्यांनी दाखवला. नाव मिळाले, कारण मात्र कळले नाही.

सांधा कसा मोडतो हे समजण्यासाठी तो कसा बांधलेला असतो ते पाहिले पाहिजे. दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. भोवती एक पिशवी, तिला आतून पातळ अस्तर, आणि त्या अस्तरातून पाझरणारे वंगण. कूर्चेची रचना गादीसारखी असते. गादीचे कापड बळकट धाग्यांनी विणलेले, आत दाबून भरलेला कापूस. कूर्चेतले धागे कोलॅजेन या प्रथिनाचे, आणि कापसाच्या जागी पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकन नावाचे द्रव्य. भार पडला की हे द्रव्य दबते, भार हटला की पुन्हा फुगते. त्या धाग्यांच्या बळकटपणाचे रहस्य मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ आणि १९५५ साली उलगडले. तीन पदर एकमेकांत पिळून दोर वळावा, तशी कोलॅजेनची घडण असते. हे प्रथिन किती चिवट, हे चांभाराला पुस्तकाविना ठाऊक आहे, कारण कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. ते सहजी कुजत नाही. खूप उकळले तर मात्र त्याचा पीळ सुटतो आणि त्याचाच सरस होतो. ही सरसाची गोष्ट ध्यानात ठेवावी, ती पुढे कामाला येणार आहे.

आता हत्यारांकडे वळू. शरीरात असंख्य रासायनिक कामे चालतात. ती घडवून आणणाऱ्या प्रथिनांना शास्त्रात एन्झाइम आणि मराठीत विकर म्हणतात. काही विकर जोडण्याचे काम करतात, काही तोडण्याचे. प्रथिने तोडणारा एक विकर आपल्या स्वयंपाकघरात रोजच्या ओळखीचा आहे. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर चोळतात, तो गुण पपईच्या चिकातील पपेन या विकराचा. हाच पपेन सांध्याच्या इतिहासात अगदी अनपेक्षित वाटेने शिरला.

लुईस थॉमस नावाचे डॉक्टर वेगळ्याच प्रश्नाच्या शोधात सशांच्या शिरेत पपेन टोचत होते. सशांचे ताठ कान काही तासांतच लुळे पडून डोक्याच्या दोन्ही बाजूंना लोंबू लागले, आणि तीन-चार दिवसांत पुन्हा उभे राहिले. कानाला ताठपणा देते ती कूर्चाच. थॉमस यांनी कानाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण पेशी जिवंत आणि जागच्या जागी, म्हणून त्यांना विशेष काही दिसले नाही. कूर्चा ही तशी निपचित पडलेली वस्तू, तिच्यात काय घडायचे, अशीच त्या काळच्या शास्त्रज्ञांची समजूत होती. प्रश्न काही वर्षे बाजूला पडला. पुढे विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवताना त्यांनी पपेन टोचलेल्या आणि न टोचलेल्या सशांच्या कानांचे छेद शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा पेशी शाबूत असल्या तरी पेशींच्या मधला भराव उडून गेला आहे, हे लख्ख दिसले. १९५६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. अ‍ॅरन केल्नर या दुसऱ्या शास्त्रज्ञालाही तेच लुळे कान दिसले होते, परंतु त्यांचे लक्ष हृदयाच्या स्नायूंवर असल्याने त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही. दोन माणसांना एकच गोष्ट दिसली आणि एकाच्याच हाती शोध लागला तो कसा, यावर पुढे समाजशास्त्रज्ञांनी निबंध लिहिला. आम्हांला यात एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. बिघडलेली वस्तू धड वस्तूच्या शेजारी ठेवून पाहिल्यावाचून बिघाड दिसत नाही.

या प्रयोगाने एवढे सिद्ध केले की विकर कूर्चेचा भराव खाऊ शकतात, आणि पेशी जिवंत असतील तर तो भराव पुन्हा भरून निघू शकतो. परंतु आमवाताच्या रोग्याला कोणी पपईचा चीक टोचलेला नसतो. मग त्याच्या सांध्यात तोडणारा विकर येतो कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका लहान संस्थेचा मोठा वाटा आहे. थॉमस स्ट्रेंजवेज यांनी १९०५ साली तेथे एक छोटे संशोधन-रुग्णालय काढले, तेच मुळी या संधिवाताचा छडा लावण्यासाठी. १९२६ साली ते वारले. १९२९ साली संस्थेची सूत्रे ऑनर फेल या अवघ्या २९ वर्षांच्या बाईंकडे आली, आणि १९७० पर्यंत त्यांनी ती सांभाळली. जिवंत ऊतींचे तुकडे शरीराबाहेर, काचेच्या बशीत वाढवण्याच्या कलेत फेलबाईंचा हात धरणारे फार थोडे होते. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाची कूर्चा त्या बशीत वाढवीत. १९५२ साली एडवर्ड मेलान्बी यांच्यासह त्यांनी दाखवले की त्या कूर्चेला ‘अ’ जीवनसत्त्व अति प्रमाणात दिले तर तिचा भराव विरघळू लागतो. १९६० साली फेलबाई आणि लुईस थॉमस यांनी दोन्ही प्रयोग ताडून पाहिले. पपेनचा परिणाम आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसला. पपेन हा बाहेरचा तोडणारा, पण ‘अ’ जीवनसत्त्व स्वतः काही तोडत नाही. तेव्हा ते कूर्चेच्याच पेशींतली हत्यारे बाहेर काढवीत असले पाहिजे.

अशी हत्यारे पेशीत कोठे असतील याचा सुगावा त्याच सुमारास लागला होता. बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९५५ साली पेशींमध्ये लायसोसोम नावाच्या चिमुकल्या पिशव्या असल्याचे दाखवले. त्यांत तोडणारे विकर कोंडलेले असतात. या पिशव्या फुटून विकर सांडतात आणि सांधा खातात, असा तर्क निघाला. तो इतका सुबक होता की बरीच वर्षे त्यावर विश्वास बसला. अडचण एवढीच होती की हे विकर आंबट द्रवात काम करतात, आणि सांध्यातला द्रव तसा आंबट नसतो. त्यांतल्या मुख्य संशयिताला, कॅथेप्सिन-डी या विकराला, निकामी करणारी द्रव्ये वापरूनही कूर्चेचा नाश थांबत नाही, असा पुरावा १९८२ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेतूनच. आपल्याच घरात वाढलेल्या तर्काला आपणच खोडून काढण्याचे धैर्य संस्थांमध्ये विरळा असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

खरा हत्यारबंद मात्र तोवर दुसरीकडे सापडला होता, आणि तो बेडूकमाशाच्या शेपटीत! पावसाळ्यात खाचरात वळवळणारे बेडूकमासे आपण पाहतो. बेडूक होताना त्यांची शेपटी गळून पडत नाही, ती जागीच विरून जाते. शेपटीत कोलॅजेन असते, आणि कोलॅजेन तर इतके चिवट. मग ते खाते कोण? अमेरिकेतील बॉस्टन येथे जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ साली शेपटीचा जिवंत तुकडा कोलॅजेनच्या गोठलेल्या थरावर ठेवला. तुकड्याभोवतीचा धुरकट थर विरघळून स्वच्छ वर्तुळ उमटले. शरीराच्या साध्या, आंबट नसलेल्या द्रवात काम करणारा, कोलॅजेन तोडणारा विकर प्राण्याच्या शरीरात असतो, हे प्रथमच सिद्ध झाले. त्याला कोलॅजिनेज म्हणतात. त्याची रीतही विलक्षण आहे. तो तीनपदरी दोराचे तुकडे तुकडे करीत बसत नाही. ठराविक एकाच जागी, साधारण पाऊण लांबीवर, तिन्ही पदर कापतो. मग शरीराच्या उबेनेच तुटक्या दोराचा पीळ सुटतो, कातड्याचा सरस व्हावा तसा तो मऊ होतो, आणि इतर विकर तो सहज फस्त करतात.

बॉस्टनच्याच त्या रुग्णालयात स्टीफन क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली आमवाताच्या रोग्यांच्या सांध्यातले अस्तर बशीत वाढवले, आणि त्यातूनही असाच कोलॅजिनेज स्रवताना सापडला. निरोगी सांध्यात हे अस्तर काही पेशींच्या जाडीचे असते. या रोगात ते सुजून, जाडावून कूर्चेवर वेलीसारखे पसरते आणि कडेकडेने तिला व हाडाला कुरतडते. हत्यार सापडले, हातही सापडला.

आता हुकूम कोणाचा, हा प्रश्न उरला. त्याचे पहिले स्पष्ट उत्तर १९७७ साली आले, आणि ते देणाऱ्यांत निवृत्त झालेल्या, ७७ वर्षांच्या ऑनर फेल होत्या. रोनाल्ड जब यांच्यासह त्यांनी डुकराच्या सांध्यातील अस्तराचा आणि कूर्चेचा तुकडा एकाच बशीत, पण एकमेकांना न लागता ठेवला. स्पर्श नसतानाही कूर्चा विरू लागली. नंतर त्यांनी कूर्चेतील पेशी आधी मारून तोच प्रयोग केला. मेलेली कूर्चा तशीच राहिली! अर्थ उघड होता. अस्तराकडून कसलासा निरोप जात होता, आणि तो निरोप ऐकून कूर्चेच्या स्वतःच्या जिवंत पेशी आपल्याच भोवतालचा भराव मोडीत काढीत होत्या. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये जाँ-मिशेल दायेर, क्रेन आदींनी दाखवले की रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून निघणारे एक द्रव्य सांध्याच्या अस्तरातील पेशींना कोलॅजिनेज बनवायला लावते. केंब्रिजच्या निरोप्याचे नाव कॅटाबोलिन ठेवले गेले. १९८० च्या दशकात तो शुद्ध झाला तेव्हा कळले की निरनिराळ्या प्रयोगशाळांनी निरनिराळी नावे दिलेली ही असामी एकच, इंटरल्यूकिन-१. १९८६ साली जेरेमी साकलातवाला यांनी दाखवले की टीएनएफ नावाचे आणखी एक द्रव्यही कूर्चेला तसाच हुकूम देते.

येथे उपचाराचे दोन मार्ग फुटतात. एक, तोडणारे हात बांधणे. दोन, हुकूम अडवणे. पहिला मार्ग सरळ दिसत होता. कोलॅजिनेजच्या कुळातल्या विकरांना बांधणारी औषधे तयार झाली. १९९० च्या दशकात ती कर्करोगावर वापरून पाहिली, तेव्हा पुष्कळ रोग्यांचे सांधेच दुखू आणि आखडू लागले. संधिवातावरील चाचणीतही अशा औषधाने सांध्याची झीज थांबल्याचे दिसले नाही. त्या कुळात माणसाच्या शरीरात वीसपेक्षा अधिक विकर आहेत, आणि त्यांना त्यांची रोजची नेमून दिलेली कामे आहेत. जखम भरताना जुने काढून नवे घालणे, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत करणे, वाढत्या हाडाला आकार देणे, ही कामे त्यांच्यावाचून होत नाहीत. त्यांना आवर घालणारी प्रथिनेही शरीर स्वतःच बनवते, आणि निरोगी सांध्यात दोहोंचा तोल राहतो. शिवाय अ‍ॅग्रिकनचा भराव कापणारा मुख्य विकर दुसऱ्याच कुळातला निघाला. त्याचा पत्ता १९९९ साली लागला.

दुसरा मार्ग लंडनमध्ये यशस्वी झाला. मार्क फेल्डमान आणि पंजाबात लुधियान्यास जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने १९८९ साली दाखवले की रोग्यांच्या सांध्यातील पेशींच्या बशीत टीएनएफ अडवला, तर इंटरल्यूकिन-१ देखील कमी होते. म्हणजे हुकूम देणाऱ्यांतही वरचढ कोण, ते समजले. १९९२ साली चेअरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफ अडवणारे औषध रोग्यांना प्रथम दिले गेले. पहिल्या वीस रोग्यांचा वृत्तांत १९९३ साली प्रसिद्ध झाला. सूज उतरली, सकाळचा आखडलेपणा गेला, आणि पुढच्या वर्षांतील मोठ्या चाचण्यांत क्ष-किरण चित्रांवरून सांध्यांची मोडतोडही मंदावल्याचे सिद्ध झाले.

ज्याच्या हातात हातोडा दिसतो त्याला धरून न्यायचे, ही चौकशीची सर्वांत सोपी रीत आहे, आणि कामगारांना तिचा अनुभव नवा नाही. तरीही आमच्या मनाला रुचते म्हणून ही उपमा खरी मानू नये. ती बशीतल्या मेलेल्या आणि जिवंत कूर्चेच्या प्रयोगाने खरी ठरली आहे. आणि तिलाही मर्यादा आहे. हुकूम देणारा टीएनएफ सर्वस्वी दुष्ट नाही. शरीरात दबून असलेल्या क्षयाच्या जंतूंना तोच कोंडून ठेवतो. म्हणून ही औषधे देण्यापूर्वी दबलेल्या क्षयाची तपासणी करावी लागते, आणि आपल्या देशात तर तिला पर्याय नाही.

ही औषधे महाग आहेत. त्यांच्या मानाने फारच स्वस्त असे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही पहिले शस्त्र आहे, आणि त्याच्या इतिहासात आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव उभे आहेत. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या देखरेखीखाली या कुळातील औषधे १९४० च्या दशकात जन्मली. १९५१ साली त्यांतले एक औषध या संधिवातावर वापरले गेले होते. परंतु फिलिप हेंच यांनी १९४८ साली वापरलेल्या कॉर्टिसोनच्या दिपवणाऱ्या यशात ते मागे पडले, आणि मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली ती १९८८ साली. हे औषध आठवड्यातून एकदाच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते.

हुकूमाच्याही मागे कोण, ही चौकशी अजून संपलेली नाही. काही धागे मात्र हाती आहेत. १९५३ साली अँथनी कॅप्लन यांनी वेल्समधील कोळसा-खाणकामगारांत हा संधिवात आणि फुप्फुसातल्या विशिष्ट गाठी एकत्र आढळतात हे दाखवले. दगडाच्या बारीक धुळीत काम करणाऱ्यांत या रोगाचा धोका वाढतो, तंबाखूच्या धुराने वाढतो, हे आता पक्के झाले आहे. खडी केंद्रावर पाणी मारून धूळ बसवण्याची मागणी आपण फुप्फुसांसाठी करतो. ती सांध्यांसाठीही आहे, हे आपल्या मागणीपत्रकात यावयास हवे.

शेवटी एकच व्यवहाराची गोष्ट. सशाचे कान तीन दिवसांत पुन्हा उभे राहिले, कारण गेला होता तो भराव. विणलेले कापड शाबूत होते. आमवातात भराव आधी जातो आणि धागे मागाहून तुटतात. धाग्यांचे ते जाळे एकदा तुटले की शरीर ते पुन्हा तसे विणू शकत नाही, आणि कोणतेही औषध ते परत आणीत नाही. भराव गेला आहे पण जाळे उभे आहे, एवढाच काळ आपल्या हाती असतो, आणि तो बहुधा वर्षांनी नव्हे, महिन्यांनी मोजायचा असतो. तेव्हा दोन्ही हातांची बोटे सहा आठवडे सुजलेली राहिली, सकाळी तासभर मिटेनाशी झाली, तर बाम चोळत, तेल लावत, पावसाळा संपण्याची वाट पाहत बसू नये. विशेषतः घरातल्या बाईने तक्रार केली तर तिला ‘कामाने दुखत असेल’ असे सांगून गप्प करू नये. तिला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. दोन शतकांपूर्वी सालपेत्रिएरमधल्या त्या नऊ बायकांसाठी कोणालाच काही करता आले नव्हते. आज करता येते, मात्र वेळेत गेले तर.